मधल्या मजल्याची दुसरी बाजू

८ जानेवारी

प्रिय वहिनी,

वहिनी म्हणायचा हक्क कागदोपत्री उरलाय की नाही मला ठाऊक नाही, पण दुसरं काही म्हणवत नाही. तू दादापासून वेगळी झालीस, माझ्यापासून कुठे झालीस? तेव्हा सहन कर.

फोन तू उचलत नाहीस म्हणून पत्र. तूच मागे म्हणाली होतीस, तुला शब्द सापडेपर्यंत समोरचा "हॅलो, हॅलो" करून जीव नकोसा करतो. कागद हॅलो म्हणत नाही.

सोबतच्या चपट्या खोक्यात दादाची रेकॉर्ड आहे. हो, झाली एकदाची! लिफ्टा दुरुस्त करता करता याचा जन्म जाणार आणि गिटार उशाशीच राहणार, असं आपण सगळे म्हणायचो. आता त्याची स्वतःची काळी तबकडी निघाली आहे. थोड्याच प्रती काढल्यात. नाव आहे ‘मधला मजला’. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकते ना, तो. गिटार आणि गळा, बाकी काही नाही. काही ब्लूजची गाणी, त्यानेच रचलेली, आणि काही जुनी लोकगीतं, नावाड्यांची, विहीर खणणाऱ्यांची, कुठून कुठून गोळा केलेली.

तुमच्या वाटणीत प्लेयर तुला आला आणि रेकॉर्डी त्याला गेल्या, हे मी अजून लोकांना सांगते आणि लोक अजून हसतात. आता त्या प्लेयरला काम दे.

मला तुझं खरं मत हवंय. इथे सगळे नुसते "वा वा" करतात. त्यांच्या वा वाला काय अर्थ? पंख्याची घरघर लावली तरी वा वा म्हणतील. तुला कान आहेत. शिवाय तू खोटं बोलत नाहीस. संसारात हा गुण तुला नडला असेल, मला आत्ता तोच हवाय.

दादाला यातलं काही सांगितलेलं नाही.

कागदावरच्या डागांबद्दल माफ कर. पोहण्याच्या तलावाकाठी बसून लिहितेय, आणि माझे विद्यार्थी पोहतात कमी, उडवतात जास्त.

तुझी,
बारकी


१९ फेब्रुवारी

प्रिय बारकी,

खोकं मिळून बरेच दिवस झाले. दारामागे उभं होतं. उघडायचं नाही असं काही ठरवलं नव्हतं, उघडायचं राहिलं. हल्ली बऱ्याच गोष्टी अशा राहतात. आई गेली तेव्हा सगळे म्हणाले, रडून घे, मोकळी होशील. रडूच आलं नाही तर मोकळी कुठून होणार? त्रास म्हणावा असा काही नाही. दात काढायच्या आधी सुई देतात, मग गाल आपला असून आपला वाटत नाही, तसं. कामावर जाते, घरी येते. डॉक्टर म्हणतात, वेळ लागेल. लागू दे.

काम तेच आहे. माणसाला आवाजबंद खोलीत बसवायचं, कानांना हेडफोन लावायचे, काचेच्या अलीकडून एकेक बारीक आवाज सोडायचा. ऐकू आला की बटण दाबा. परवा एक आजोबा आवाज नसतानाही दाबत होते. मी म्हटलं, "आजोबा, आत्ता तर काहीच वाजलं नव्हतं." ते म्हणाले, "तुम्ही इतक्या आशेनं बघत होतात, म्हटलं कशाला नाराज करा." आमच्या काउंटरवरची मुलगी पोट धरून हसली. इथे हसायचं असतं एवढं मला कळलं, म्हणून मीही हसले.

शनिवारी दुपारी दवाखाना बंद झाल्यावर प्लेयर तिथेच नेला. घरी शेजाऱ्यांचं काही ना काही चालू असतं. आवाजबंद खोलीत पेशंटच्या खुर्चीवर बसले आणि पहिली बाजू लावली.

तो आहेच तिथे. पहिलं गाणं लिफ्टमध्ये अडकलेल्या बाईचं. ब्लूजची रीत तुला माहीत आहे, गाऱ्हाणं एकदा सांगायचं, तेच परत सांगायचं, आणि तिसऱ्या ओळीत स्वतःलाच उत्तर द्यायचं. ते त्याने चोख साधलंय. अंगठा खालच्या तारेवर सारखा चालू, शेजारच्या खोलीत कोणी येरझाऱ्या घालाव्यात तसा, आणि बाकीची बोटं वर स्वतंत्र हिंडताहेत. एका माणसाच्या दोन हातांचं हे काम आहे असं वाटत नाही. हे त्याला पूर्वी इतकं येत नव्हतं. कष्ट केलेत.

पण जुनी खोड गेलेली नाही. ओळ संपली की तिथे क्षणभर गप्प बसावं, ते नाही. लगेच बोटांचा खेळ सुरू. पाहुण्याने ढेकर दिली तरी ताटात वाढतच राहणारा यजमान असतो ना, तसा वाजवतो. नावाड्याच्या गाण्याचे तर हाल केलेत. ‘पलीकडे कोणी आहे का’ ही त्यातली हाक आहे, ती एका दमात म्हणून मोकळा. त्या वेगाने होडी वल्हवली तर नावाडी काठावर नाही, दवाखान्यात पोचेल.

रेकॉर्ड चांगली आहे. मला काही वाटलं नाही. या दोन वाक्यांचा एकमेकांशी संबंध लावू नकोस. माझे कान शाबूत आहेत, त्यांच्या पलीकडे सध्या कोणी नसतं.

दुसरी बाजू लावली नाही. पहिली संपल्यावर बसून राहिले, मग रखवालदार कुलूप लावायला आला.

तो कसा आहे?

तुझी,
वहिनी


२ मार्च

प्रिय वहिनी,

यजमानाचं वाचून मी काठावर एकटीच हसले. पाण्यातली सगळी डोकी माझ्याकडे वळली. बाईंना काय झालं?

सध्या एक नवी मुलगी आली आहे, काठ म्हणून सोडत नाही. "सोडलं तर काय होईल?" मी म्हटलं, "आधी बुडशील, मग आपोआप वर येशील." ती म्हणाली, "आधी वर यायचं शिकवा." आता हिला काय उत्तर देणार?

दादा बरा आहे. कंपनीने रजा दिलीय, घरीच असतो. बाकी विचारू नकोस, मुद्द्याचं ऐक. दुसरी बाजू ऐक वहिनी. तुला काही वाटलं नाही तर ‘वाटलं नाही’ असंच लिही. पण ऐक आणि लिही. मी कधी तुझ्याकडे हट्ट केलाय? लग्नात तुझी निळी चप्पल मागितली होती तेवढाच.

वाट बघते.

बारकी


२८ मार्च

प्रिय बारकी,

ऐकली. एकदा नाही, तीन शनिवार.

पहिल्यांदा वाटलं, रेकॉर्डवाल्यांनी चुकून दुसऱ्याच कोणाची बाजू छापली. अंगठ्याच्या त्या येरझाऱ्या नाहीत. बोटांचे खेळ नाहीत. तारा अशा लावल्यात की नुसत्या छेडल्या तरी सूर जमून येतो, आणि बोटात काचेची नळी घालून ती तारेवरून घसरवलीय, इतकी सावकाश की सूर येतोय येतोय म्हणून आपण पुढे सरकून बसतो. विहीर खणणाऱ्यांच्या गाण्यात खालची एकच तार ठोके देत राहते. पहार पडावी तशी. मध्ये दुसरं काही नाही. आधी वाजवायचा तो खोलीभर सामान मांडून ठेवायचा. इथे सामान बाहेर काढलंय आणि मग कळतं की खोली चांगली मोठी होती.

जिन्याचं गाणं मला सगळ्यात आवडलं, असं मी पहिल्या शनिवारी म्हटलं असतं. लिफ्ट बंद आहे म्हणून एक म्हातारा जिना चढतो, प्रत्येक मजल्यावर थांबतो, आणि त्या मजल्यावर पूर्वी कोण राहायचं ते सांगतो. तक्रार नाही, नुसती माहिती. वर पोचतो तेव्हा त्याचं दार आलं हे गिटार सांगते, तो सांगत नाही.

पण खरी कमाल शेवटी. नावाड्याचं गाणं त्याने दुसऱ्या बाजूला परत घेतलंय. तेच गाणं, तेच शब्द. याला धीर लागतो, आपणच आपली चूक खोडून दाखवायची. आता ते चालीचं राहिलं नाही, हाकेचं झालंय. ‘पलीकडे कोणी’ म्हणतो आणि थांबतो. गिटारही थांबते. मला वाटलं सुई अडकली, म्हणून मी उठले. मग त्या शांततेतून हलकेच ‘आहे का’ येतं.

मी त्याला किती वर्षं सांगत होते की जरा गप्प बसायला शिक, गाण्यातही आणि घरातही. कमी वाजव, कमी पडणार नाही. मी गेल्यावर शिकला.

आवाजही बदललाय. तोंडातल्या तोंडात, झोपेतून उठवलेला माणूस बोलतो तसा. ‘स’ आणि ‘श’ एकमेकांत विरघळू दिलेत. पूर्वी शब्द कसे खणखणीत टाकायचा. हे जास्त जवळचं वाटतं, उशीवर डोकं ठेवून सांगितल्यासारखं.

इतका फरक आपोआप पडत नाही. कोणीतरी त्याला थांबायला शिकवलंय. कोणी बाई असेल तर असू दे, मला राग नाही, तू उगाच लपवत बसू नकोस. तिला सांग, मला जमलं नाही ते तिने केलं. छान केलं.

तुझी,
वहिनी


९ मे

प्रिय वहिनी,

तुझं पत्र येऊन महिना उलटला. रोज लिहायला बसायचे आणि उठायचे. आज लिहून टाकते.

बाई कोणी नाही. दादाला मागच्या उन्हाळ्यात पक्षाघाताचा झटका आला. पहिली बाजू रेकॉर्ड करून झाली होती. सकाळी कामावर निघताना बुटाची नाडी बांधत होता, ती बांधून होईना. मला वाटलं चेष्टा करतोय. मी म्हटलं, "लहान मुलासारखं काय करतोस?" तो काहीतरी बोलला ते मला कळलं नाही. मग कळलं.

आता चालतो. बोलतो, पण जीभ जड झालीय, दमला की जास्तच. डावा हात तेवढा परत आला नाही. म्हणजे गिटारच्या तारा दाबायचा हात. करंगळी आणि शेजारचं बोट थोडं ऐकतात, त्यांत ती नळी बसते. म्हणून नळी. म्हणून तशा लावलेल्या तारा. रेकॉर्डिंगवाला भला माणूस, त्याने सगळं सामान आमच्या स्वयंपाकघरात आणलं. दुसरी बाजू दादाने तिथे स्टुलावर बसून केली.

आणि रेकॉर्ड हातात आल्यावर गिटार कपाटावर टाकली. लोक येत होते, रेकॉर्ड ऐकत होते, डोळे पुसत होते. तो म्हणाला, "हे गाणं ऐकत नाहीत, माझा हात ऐकतात. पांगळ्याने एवढं केलं म्हणून टाळ्या." मी शपथा घेतल्या, भांडले. तो म्हणाला, "तू तर बहीण आहेस, तुझं मत बाद."

मला असं माणूस हवं होतं ज्याला काही माहीत नाही, आणि जे खोटं बोलत नाही. असं जगात एकच होतं. म्हणून तुला सांगितलं नाही. त्याचीही तशी ताकीद होती, "तिला कळवायचं नाही", पण ती त्याची कारणं वेगळी.

तुझं दुसरं पत्र मी त्याला मोठ्याने वाचून दाखवलं. जेवायच्या टेबलाशी बसला होता. बाईचं आलं तेव्हा इतका हसला की तोंडातलं पाणी एका बाजूने बाहेर आलं. मग एकदम म्हणाला, "तिला खरंच माहीत नाही?"

"नाही."

"शपथ?"

"शपथ."

पत्र माझ्या हातातून घेऊन खोलीत गेला. दुसऱ्या दिवशी मात्र माझ्यावर उखडला. "तिला फसवलंस. तिच्या भलेपणाचा फायदा घेतलास." त्यानंतर माझ्याशी कामापुरतंच बोलतोय. पण वहिनी, गिटार कपाटावरून खाली आली आहे. वाजवत नाही. पलंगावर भिंतीकडेला ठेवतो आणि स्वतः अर्ध्या पलंगावर झोपतो.

मला माफ कर, किंवा नको करू. पण उत्तर लिही.

बारकी


२० मे

बारकी,

उत्तर लिही म्हणालीस म्हणून लिहिते.

मी कानांची माणूस. दिवसभर तेच करते. माणसाचा ‘स’ विरघळलेला मी ऐकला आणि त्याला उशीवरचं बोलणं म्हटलं. दवाखान्यात समोर बसून कोणी तसं बोललं असतं तर मी त्याच क्षणी डॉक्टरांना हाक मारली असती. आणि हे मी कौतुक म्हणून लिहून पाठवलं, आणि तू ते त्याला वाचून दाखवलंस.

तो हसला म्हणतेस. बरं.

काल रेकॉर्ड परत लावली. आता मला गाणं ऐकू येत नाही. नळी घसरते तेव्हा बोट ऐकू येतं. स्टूल ऐकू येतं. तुमच्या स्वयंपाकघरातली नळाशेजारची ती खिडकी दिसते. तुझ्याकडे येऊन डोळे पुसणाऱ्यांत आणि माझ्यात आता फरक उरला नाही. मी डोळे पुसत नाही, एवढाच.

एकच प्रामाणिक माणूस होतं म्हणालीस. ते तू वापरून संपवलंस.

मी रागावले आहे असं वाटत नाही. रागावायला हवं हे कळतं. त्याचा खांदा दुखतो का ते विचार. अशा हाताला खांद्याची काळजी घ्यावी लागते. झोपताना हाताखाली उशी द्या.

वहिनी


११ जून

काय म्हणून हाक मारावी ते ठरेना, म्हणून तशीच सुरुवात करतो.

उजवा हात ठणठणीत आहे. त्यामुळे अक्षर पूर्वीइतकंच वाईट आहे, आजाराला दोष देऊ नकोस.

बारकीवर रागावू नकोस. मी रागावून झालोय. दोघांनी एकदम धरलं तर ती तलावातच राहायला जाईल. खांदा दुखायचा, उशी दिल्यापासून कमी आहे. तुझ्या आई गेल्याचं मला तेव्हाच कळलं होतं. पत्र लिहायला घेतलं आणि फाडलं. त्या माझ्या हातचं गाणं ऐकताना झोपून जायच्या आणि उठल्यावर ‘छान झालं’ म्हणायच्या, ते लिहिलं होतं.

बाई नाही. एक व्यायाम करून घेणारा आहे, त्याला मिशा आहेत.

तुझं पत्र माझ्याजवळ आहे. बरंचसं मला मान्य आहे. यजमानाचं तर फारच, तेही बारकीने नंतर दाखवलं. पण एका ठिकाणी तू चुकलीस आणि ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

नावाड्याच्या गाण्यात मी थांबलो नव्हतो. अडकलो होतो. ‘पलीकडे कोणी’पर्यंत आलो, बोट तारेवर आकडलं, आणि पुढचा शब्द तोंडात येईना. ‘आहे’. एवढासा शब्द. तो कुठे गेला कळेना. रेकॉर्डिंगवाला हाताने खूण करत होता, थांबवू का? मी मान हलवली. मग शब्द आला तसा म्हटला. तो म्हणाला परत घेऊ. मी म्हटलं, परत घेतलं तर परत तिथेच अडकेन, राहू दे. कंटाळून ठेवलं ते. त्यात कला नाही, धीर नाही. धडधाकट असतो तर त्या जागी मी वीस सूर कोंबले असते, हे तू जाणतेस. मी काही शिकलो नाही. माझ्याकडून काढून घेतलं गेलं.

हे तुला कळल्यावर ती जागा अजून चांगली आहे का?

खरं सांगायचं असेल तरच लिही. माझ्या हाताचा विचार करून लिहिणार असशील तर नको. तसली पत्रं इथे पुष्कळ आहेत.

बारकी म्हणते तुला हल्ली काही वाटत नाही. माझ्या डाव्या हातालाही वाटत नाही. मिशीवाला म्हणतो, रोज नाव घेऊन बोटं हलवायची, हलोत न हलोत. मला हे मूर्खपणाचं वाटतं. रोज करतो.


१९ जून

तुझं पत्र परवा आलं. काल लिहायचं होतं, पण आधी ऐकावं म्हटलं.

दवाखान्यात नाही नेली. घरीच लावली, खिडकी उघडी ठेवून. शेजारचे जिन्यात खुर्च्या सरकवत होते. दुसरी बाजू, शेवटचं गाणं.

तू विचारलंस त्याचं उत्तर देण्याआधी, बारकीला लिहिलं नव्हतं ते सांगते. पहिल्यांदा ऐकताना मी सुई बघायला उठले हे खरं आहे. पण त्याच्या आधी एक झालं. तू ‘पलीकडे कोणी’ म्हणून थांबलास आणि मी "आहे" म्हणाले. मोठ्याने. त्या खोलीतून आवाज बाहेर जात नाही म्हणून बरं. म्हणून झाल्यावर मलाच कळेना की हे कोण बोललं. तेव्हा लाज वाटून उठले, सुईचं निमित्त केलं.

तेव्हा मला तुझं बोट माहीत नव्हतं, स्टूल माहीत नव्हतं. तू का थांबलास हे माहीत नसताना मी उत्तर दिलं. आता कारण कळलं म्हणून ते दिलेलं उत्तर मागे घेता येत नाही. ती जागा चांगली आहे. तू ती केली नाहीस असं म्हणतोस, मान्य. पण परत घ्यायला निघालेल्या माणसाला तू ‘राहू दे’ म्हणालास. पूर्वीचा तू कधीही राहू दिलं नसतंस. कंटाळून का होईना, राहू दिलंस. माझ्या हिशेबी गप्प बसणं म्हणतात ते हेच.

काल परत तिथे आलं तेव्हा मी काही म्हणाले नाही. पण वाट बघत होते, आणि शब्द आल्यावर बरं वाटलं. ‘बरं वाटलं’ हे मी विचार करून लिहितेय.

पहिली बाजू अजूनही फार वाढलेली आहे. आजारपणाची सूट तिला नाही, ती आधीची आहे.

आईचं लिहिलंस ते वाचलं. ती झोपायची नाही, डोळे मिटून ऐकायची. तुला सांगू नको म्हणायची, शेफारेल म्हणून.

मी तिकडे येणार नाही. आले तर बारकीला भलती आशा लागेल, आणि आपण दोघं एका खोलीत असलो की कोण आधी गप्प बसायचं यावरूनच भांडू. पण पुढे काही वाजवलंस, घरच्या घरी, वाईट साधनांवर, कसंही, तर बारकीला मध्ये न घालता थेट मला पाठव. आणि यापुढे काय झालंय ते आधी सांगून पाठव. मला माहीत असतानाही खरं सांगता येतं, असं काल वाटलं. खात्री नाही. करून बघू.

हे इथवर लिहून मध्ये उठले होते. एकदम भूक लागली, ती कधीपासून लागली होती कोण जाणे. घरात अंडी होती. दोन उकडली, गार व्हायची वाट बघायला धीर नव्हता, तशीच सोलायला घेतली.

बोटं भाजली. चांगलीच भाजली.

मी